क्लचवरचा पाय

गाडी घाट चढून आली की मी तिच्याखाली सरकायचे आणि गिअरबॉक्सला पालथा हात लावून सांगायचे, आज कोणी चालवली. चटका बसला तर थोरला, सर्जेराव. तो गिअर हाणतो, जसा बोलतो तसाच. हात कोमट राहिला तर धाकटा, अधिक. त्याचा पाय मऊ. आमचे मालक सांगून गेले होते की इंजिन तापलं की वाफ सोडून बोंबलतं, गिअरबॉक्स मुकाट सोसतो, म्हणून हात गिअरबॉक्सला लावायचा. ते गेल्यावर बारा वर्षं मी तेच केलं. शाळा माझी चौथीत सुटली. पण हेळवाकपासून पोफळीपर्यंत असा एक ड्रायव्हर दाखवा, ज्यानं अंजिराबाई नलवडेला गाडीच्या बाबतीत फसवलं.

मग ती डबी आली.

आता कराडहून कोयनेपर्यंत विजेच्या बसगाड्या सुळसुळत येतात. खाली चिपळूणकडं उतरताना मात्र दरडीच्या भीतीनं त्या दिवसाआड बंद असतात. लोकांनी काय उडत जायचं? म्हणून कुंभार्ली घाटात आमच्यासारख्या जुन्या डिझेल जीपांचं वडाप सरकारनं चालू ठेवलं. जीप भरली की सोडायची, हेच आमचं वडाप. अट एकच घातली, गाडीत ताप मोजणारी डबी पाहिजे.

डबी बसवायला कराडच्या तपासणी केंद्रातून मुजावर बाई आली. पोरगी तिशीची, डोक्याला रुमाल, हाताला ग्रीस. आली ती थेट गाडीखाली गेली, तेव्हाच मला आवडली. पण तोंडावर कोण सांगतंय.

"आजी, हे बघा," ती म्हणाली.

"आजी तुझ्या घरी. इथं मी मालक."

"बरं, मालक. ही एक पट्टी इंजिनाला आणि ही दुसरी गिअरबॉक्सच्या तोंडाशी, क्लच असतो तिथं. सेकंदाला पन्नास वेळा ताप मोजतात. दोन्ही आकडे तुमच्या फोनवर दिसतील."

"आकडे मला वाचता येतात."

"मी कुठं नाही म्हटलं? क्लच म्हणजे काय सांगू का?"

"मी सांगते. दोन तवे एकमेकांवर दाबून बसलेले. पेडल दाबलं की सुटे होतात, सोडलं की धरतात."

"अगदी. आणि धरताना घासतात. घासलं की उष्णता निघते, चिमूटभरच. पण ती कशी चढते आणि कशी उतरते ते पाय कसा उचलला त्यावर ठरतं. हजारो ड्रायव्हरांचे पाय तपासले आमच्या लोकांनी. दोघांचा सारखा निघाला नाही. ही डबी कुणाचं तोंड बघत नाही, मालक. पाय ओळखते."

मला हसू आलं. एवढं शिकून हे लोक तिथंच पोचले होते, जिथं मी पालथ्या हातानं पोचले होते. मग तिनं पुढचं सांगितलं आणि माझं हसू गेलं.

"साखरेच्या रोगात तळवे बधिर होतात. माणसाला ते कळायच्या वर्ष-दीड वर्ष आधी इथं दिसतं. पाय पेडलवर रेंगाळायला लागतो. त्याला वाटतं, उचललाय. उचललेला नसतो."

"खोटं बोलतो?"

"नाही हो. त्याला मनापासून वाटतं, उचललाय."

प्रत्येक ड्रायव्हरला एकेक कार्ड मिळालं. कार्ड डबीत सारायचं, मग गाडी चालू होणार. एका कार्डावर दिवसाचे सहा तास, वर एक मिनिट नाही.

आता आमच्या घरची रीत सांगते. सर्जेराव जन्मला त्या दिवशी मालकांना पहिली जीप मिळाली. गाडीची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली कमाई, त्याच्याच हातानं झाली की दिवस सुखाचा जातो, हे मी चाळीस वर्षं बघितलंय. मालक होते तेव्हा पहाटे झोपेतल्या सर्जेरावला उचलून ते स्टिअरिंगला त्याचा हात लावायचे. तो मोठा झाला, सकाळी गुरांकडं आणि रानाकडं बघायला लागला. म्हणून सकाळची फेरी अधिक मारायचा आणि दुपारची सर्जेराव. पण भवानीचं नाव मी बदललं नाही. डबी आल्यापासून रोज सकाळी आंघोळ करून मी सर्जेरावच्या कार्डाला कुंकू लावायचे, गाडीवरून ओवाळायचे आणि माझ्या हातानं डबीत सारायचे. मग अधिक गाडी काढायचा. दुपारपर्यंत त्या कार्डाचे तास संपायचे, मग सर्जेराव अधिकचं कार्ड घालून जायचा. घरातलीच दोन पोरं. कुठल्या कार्डावर कोण, ह्यानं काय बिघडत होतं?

आणि गाडीखाली सरकायचं मी सोडलं. गुडघे राहिले नव्हते. फोनवर आकडे दिसत होते.

वर्षभर असं चाललं. ह्या वर्षात अधिकची चप्पल वाटेत पडायला लागली. घरी आला की एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा. परत शोधायला जायचा. आम्ही हसायचो. त्याची बायको सारिका म्हणायची, "आत्या, ह्यांच्या पायाला चपला शिवूनच टाकू." तोही हसायचा.

गौरी उठल्या आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातून पत्र आलं. सारिकानं मोठ्यानं वाचलं. सर्जेराव महिपती नलवडे यांच्या कार्डावरील नोंदींवरून डाव्या पायाची संवेदना कमी होत असल्याचं दिसतं. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत कार्ड बंद.

सर्जेराव जेवत होता. त्यानं घास ताटात ठेवला.

"माझा पाय ठणठणीत हाय."

"त्या पोरीनं सांगितलं होतं," मी म्हणाले. "ज्याचा जातो, त्याला ठणठणीतच वाटतो."

"आये, ते कार्ड..."

"कार्डाला नाव ठेवू नगंस. देवाचं केलेलं हाय ते."

"मी कार्डाला नाव ठेवत न्हाई. मी म्हणतोय, सकाळी कार्ड..."

"गिअर कोण हाणतंय? गेल्या साली बैलानं पाय कुणाचा तुडवला? गिअरबॉक्सचा चटका मला कुणाच्या पाळीला बसायचा? बारा वर्षं हात भाजून घेतलाय मी. मला शिकवू नगंस."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं अधिककडं बघितलं. अधिक ताटात भाकरी कुस्करत होता, मान वर केली नाही. सर्जेरावच्या तोंडावर तेव्हा काहीतरी आलं. मी ते राग समजले.

"बरं," तो म्हणाला. "तुझ्या मनात तसं असंल तर तसं."

तपासणीला तो गेला नाही. चार दिवसांत त्यानं घाटमाथ्यावरच्या फाटकावर काम धरलं. उतरणाऱ्या गाड्यांची चाकं हातानं चाचपायची, तापलेली असली तर थांबवून ठेवायची. माझ्याशी बोलणं बंद केलं. मीही विचारलं नाही. विचारायला जाणं माझ्या रक्तात नाही.

एका कार्डावर सहाच तास, म्हणून दुपारची फेरी बंद झाली, उरली ती अधिकची सकाळची. सर्जेरावचं कार्ड बंद, म्हणून मी अधिकच्याच कार्डाला कुंकू लावायला लागले. पंधराव्या दिवशी मुजावर बाईचा फोन आला.

"मालक, अधिकरावांच्या कार्डावर दुसरं कुणी चालवतंय का?"

"का?"

"वर्षभर ह्या कार्डावर जो पाय होता, तो हा नाही. डबी म्हणते, पाय जुळत नाही."

"तुझी डबी बिघडली असंल."

"तसंही असेल. पण विचारते. घरात कार्डांची अदलाबदल वगैरे..."

तिनं ते बरोबर विचारलं होतं. मला फक्त चोरीचा आरोप ऐकू आला.

"बाई, माझ्या घरात लपवाछपवी चालत न्हाई. माझ्या नजरेआड हितं मांजर दूध पीत न्हाई. पट्टी तपासून जा येऊन."

"येते," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात येते."

त्याच आठवड्यातला गुरुवार. सकाळचे सात वाजून गेले होते. अधिक अकरा माणसं घेऊन निघाला होता. मी ओसरीवर दाण्याचं कूट करत होते, फोन शेजारी पाटावर.

सारिका केर काढत बाहेर आली आणि थांबली.

"आत्या, हे बघा."

न्हाणीपासून चुलीपर्यंत, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत लादीवर लाल ठसे. एकाच पायाचे. डाव्या.

"काल माझी बांगडी फुटली तिथं," सारिका म्हणाली. "काच घुसली असणार. पण हे तर काही बोलले न्हाईत. चहा पिताना हसत होते. एवढं रक्त, आणि हे हसत होते."

मी ठशांकडं बघितलं. टाच पूर्ण टेकलेली. काच टोचलेला माणूस टाच टेकवत नाही, पाय उचलून धरतो. माझ्या बोटाला सकाळचं कुंकू लागलेलं होतं. ते बोट बघितलं आणि सगळं एकदम उलटं झालं. वर्षभर सर्जेरावच्या नावाखाली कुणाचा पाय होता ते मला कळलं. मीच सारलं होतं ते कार्ड. रोज. ओवाळून.

मी सर्जेरावला फोन लावला. अठरा दिवसांनी.

"अधिकची गाडी अडव."

"गेली," तो म्हणाला. "पाच मिनिटं झाली. हात केला मला त्यानं. चाकं बघितली मी, गार होती."

"सर्जा, तो पाय अधिकचा हाय."

पलीकडं मोटरसायकलची चावी वाजली.

"आत्ता सांगतीस?" तो म्हणाला. आणि मग, "मी निघालो मोटरसायकलवर."

मी आकडे उघडले. इंजिन ब्याऐंशी, गिअरबॉक्स एकशे बारा.

ज्यांनी घाटातून गाडी उतरवलेली नाही, त्यांच्यासाठी सांगते. भरलेली जीप घाट उतरते ती ब्रेकवर नाही, इंजिनावर. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. तेव्हा दोन्ही आकडे एका जागी बसून राहतात. पण पाय क्लचवर रेंगाळला तर तवे नीट धरत नाहीत, नुसते घासत राहतात. गाडीचं वजन इंजिनापर्यंत पोचत नाही, म्हणून इंजिन थंड व्हायला लागतं. आणि त्या घासण्याची सगळी आग गिअरबॉक्सच्या तोंडाशी साचते. एक आकडा उतरतो, दुसरा चढतो. मग सगळं वजन ब्रेकवर जातं, आणि ब्रेकला किती सोसायचं त्याची हद्द असते.

इंजिन ऐंशी. गिअरबॉक्स एकशे सोळा.

"आत्या, ते लाल बटण दाबा की," सारिका म्हणाली. मालकाला गाडी लांबून बंद करता यावी म्हणून फोनवर तसं बटण दिलं होतं. तिचं बोट पुढं आलं. मी तिचा हात धरला.

"सोडा आत्या. माझा नवरा हाय त्यात."

"म्हणूनच धरलाय. ते बटण डिझेल तोडतं. क्लच धरलेला असता तर मी दाबलं असतं. क्लच सुटलाय. इंजिन मेलं की ब्रेकला जोर देणारा पंप मरतो, स्टिअरिंग दगड होतं. मग तो वळणार कसा?"

तिनं हात सैल केला.  मी कुटाचं भांडं घट्ट धरलं.

इंजिन अठ्ठ्याहत्तर. एकशे एकवीस.

अधिकला फोन लावून उपयोग नव्हता. घाटात फोन घेतला तर तंगडी तोडीन, असं मीच दोघांना सांगितलेलं, आणि माझं ते ऐकत होते. पण अधिकच्या शेजारी कोण बसतं ते मला ठाऊक होतं. पोफळीच्या आरोग्य केंद्रातली वायदंडे सिस्टर. रोज मीच तिची पुढची जागा धरून ठेवायचे.

"सिस्टर, अंजिरा बोलतेय. त्याच्या पायाकडं बघ. तुझ्या बाजूचं शेवटचं पेडल. पाय त्याच्यावर हाय का?"

"हाय की, मावशी. पण का?"

पलीकडून अधिकचा आवाज आला. "आये हाय का? तिला सांगा, पाय खाली हाय माझा. फोन ठेवा, वळण हाय."

त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. मी त्या पोराला दूध पाजलंय, त्याचं खोटं मला लगेच कळतं. ते खोटं नव्हतं.

"त्याचं ऐकू नगंस," मी सिस्टरला म्हणाले. "वाक, दोन्ही हातांनी त्याचा घोटा धर आणि पाय उपसून काढ. पेडलवरनं बाजूला. आणि तिथंच धरून ठेव."

"मावशी, गाडी लई जोरात..."

"आत्ताच धर."

काहीतरी आपटलं. बायका ओरडल्या. फोन बंद झाला.

इंजिन चौऱ्याहत्तर. गिअरबॉक्स एकशे एकतीस. सारिका माझ्या खांद्याला धरून उभी होती. तिची नखं मला रुतत होती आणि मला ते बरं वाटत होतं.

एकशे एकतीस. एकशे तीस. इंजिन पंचाहत्तर. सत्त्याहत्तर.

"काय झालं आत्या?"

"धरलं इंजिनानं," मी म्हणाले. "वजन घेतलं."

मग दोन्ही आकडे एका जागी थांबले आणि पडदा पांढरा झाला. गाडी थांबली होती. कशी थांबली, ते पडद्यावर येत नाही.

डोंगराच्या बाजूच्या गटारात अधिकनं गाडी घातली होती. दरीकडची नाही, डोंगराकडची, म्हणजे शेवटच्या घडीलाही हातात अक्कल होती. अकराही माणसं जिवंत. वायदंडे सिस्टरचं मनगट मोडलं, पण घोटा तिनं सोडला नव्हता. सर्जेराव पोचला तेव्हा तिचे दोन्ही हात अधिकच्या पायावर होते आणि अधिक तिला म्हणत होता, "सिस्टर, सोडा आता. मला दिसतंय. मला कळत न्हाई, पण दिसतंय."

चिपळूणच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा डॉक्टर त्याच्या टाचेतून काच काढत होते. बोटाएवढी काच. अधिक खिडकीबाहेर बघत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या पायात चाललंय. साखर चारशेच्या वर निघाली.

"साखरेचं कधीपासून ठाऊक हाय तुला?" मी विचारलं.

"दीड वर्ष."

"आणि पत्र आलं तेव्हा? तू गप बसलास? भावाला फाटकावर धाडलंस?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मी? कार्ड कोण घालत होतं, आये? पत्र आलं, तू दादाला बसवलंस. तो सांगत होता, तू सांगू दिलं न्हाईस. मला वाटलं, तू ठरवलंयस. दादाला गुरं हाईत, रान हाय. मला गाडीशिवाय काय हाय? मला वाटलं, आयेनं माझ्यासाठी केलं." मग पायाकडं बघत म्हणाला, "रोज सकाळी तू कार्डाला कुंकू लावायचीस आणि माझ्याकडं बघायचीस. मला वाटायचं, तू म्हणतीयस, संभाळून चालव."

मी सर्जेरावकडं वळले. तो दाराला टेकून उभा होता. बुटाला चिखल, हात अजून काळे.

"तुलाबी तसंच वाटलं?"

"मला काय वाटायचंय," तो म्हणाला. "धाकट्याकडं तुझा ओढा हाय, ते काय आजचं हाय का?"

तेवढ्यात मुजावर बाई आली. पुढच्या आठवड्यात येणार होती, आजच आली. तिच्या हातात पाटीसारखा पडदा होता. तिनं अधिकची चौकशी केली, मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. आज ती मला आजीही म्हणाली नाही आणि मालकही.

"कार्डं बदलली जात होती. कोण बदलत होतं?"

"मी."

"पत्रातला पाय अधिकरावांचा आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? ह्याचं उत्तर नीट द्या. माहीत नसेल तर चूक धरतात, ताकीद मिळते. माहीत असून अकरा माणसं त्या पायावर सोडली असतील, तर मी ते माझ्याकडं ठेवू शकत नाही. पुढं पाठवावं लागतं."

सहासष्ट वर्षांत जे मी कधी कुणासमोर बोलले नव्हते, ते बोलले.

"मला कळलं न्हाई."

आवाज कसा निघाला कोण जाणे. मुजावर बाईनं मान हलवली. तिच्या तोंडावरून वाटलं, तिला ते पटवून घ्यायचं होतं.

"घरच्यांचंही लिहून घ्यावं लागतं," ती म्हणाली आणि सर्जेरावकडं वळली. "तुम्ही सांगा. तुमच्या आईंना माहीत नव्हतं?"

सर्जेराव सरळ उभा राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. ते बघून मला जास्त भीती वाटली. चारचौघांत कुणी माझ्याबद्दल विचारलं की तो लहानपणापासून जशी छाती काढून उत्तर द्यायचा, तसंच त्यानं दिलं.

"बाई, आमच्या घरात आयेला ठाऊक न्हाई असं काय नसतंय."

तिनं अधिककडं बघितलं. अधिकनं मान डोलावली.

मी तोंड उघडलं. पण कुणाला खोटं पाडणार होते? ते तिनं लिहून घेतलं आणि पाटी सहीसाठी सर्जेरावपुढं केली.